पायवाटेवरचे सख्य

ओळख आणि सख्य यांत मोठे अंतर आहे. ओळख बैठकीत होते, लग्नाच्या मांडवात होते, आगगाडीच्या डब्यात दोन स्टेशनांच्या दरम्यानही होते. सख्याला मात्र चालावे लागते. ही काही माझ्या पदरची कल्पना नव्हे. पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीत सख्याला ‘साप्तपदीन’ असा शब्द दिला आहे. सात पावले बरोबरीने टाकल्यावर जे जुळते, ते सख्य. आपल्या विवाहविधीतही अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांच्यासाठी सहा पावले पडली की सातवे पडते ते सख्याचे. अंतरपाटाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिलेले वधूवर सप्तपदीला मात्र एकाच दिशेला तोंड करून चालतात, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल?

यात मोठे शहाणपण आहे. समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांना दिसत असतात, आणि म्हणूनच ती सावध असतात. बरोबर चालणाऱ्यांचे तसे नसते. दोघांचीही नजर वाटेवर असते. मध्येच बोलणे खुंटले तरी अवघडल्यासारखे होत नाही. पावले चालूच राहतात. आम्हा मास्तर मंडळींना तर याचा अनुभव दरवर्षी सहलीला येतो. वर्गात वर्षभर मान वर न करणारा मुलगा गडाची चढण लागली की हळूच शेजारी येतो, आणि काही न विचारता घरची सारी हकीकत सांगू लागतो.

अशा चालण्यातून जुळलेल्या एका सख्याची गोष्ट आज वाचकांपुढे ठेवायची आहे. ती आपल्या देशातली नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडमधल्या शेताबांधांवरून ती घडली. तिच्यातून एक कवी उदयाला आला. आणि तिच्या अखेरीस एक प्रश्न असा उरला की, ज्याला जिवाचा मित्र आहे अशा कोणालाही तो सहजासहजी टाळता यायचा नाही.

* * *

रॉबर्ट फ्रॉस्ट हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. पंडित नेहरूंनी आयुष्याच्या अखेरच्या काळात ज्या अमेरिकन कवीच्या ओळी आपल्या मेजावर जवळ ठेवल्या होत्या, तोच हा कवी. परंतु १९१२ साली त्याला कोणी ओळखत नव्हते. वय अडतीस वर्षांचे. न्यू हॅम्पशायर प्रांतात त्याने कोंबड्या पाळून पाहिल्या होत्या, शाळेत मास्तरकी केली होती, आणि या सर्व खटाटोपात सुमारे वीस वर्षे कविता लिहिल्या होत्या. त्यांतल्या फारच थोड्या छापून आल्या. अखेर शेत विकून, बायको आणि चार मुले यांना बरोबर घेऊन स्वारी इंग्लंडला निघून आली. तेथे १९१३ साली त्याचा पहिला संग्रह, ‘अ बॉइज विल’, प्रसिद्ध झाला.

दुसरा एडवर्ड थॉमस. हा फ्रॉस्टहून चार वर्षांनी लहान. जन्म १८७८ साली लंडनमध्ये, घराणे मूळचे वेल्सकडचे, शिक्षण ऑक्सफर्डला. लेखणीवर पोट भरायचे असा त्याने पण केला होता, आणि तो पण निभावताना त्याची दमछाक झाली होती. पत्नी हेलन आणि तीन मुले घरात. म्हणून प्रकाशक मागेल ते चरित्र, मागेल ते प्रवासवर्णन आणि पुस्तकपरीक्षणांचा तर अखंड रतीब. नव्या कवितेच्या बाबतीत त्याचा शब्द लंडनमध्ये प्रमाण मानला जाई. दुसऱ्यांच्या कविता तोलून देणाऱ्या या गृहस्थाने प्रौढ वयात स्वतः मात्र कविता लिहिली नव्हती. ते आपले काम नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

थॉमसला एक दुखणे होते. त्याचे मन उदासीने ग्रासलेले असे. ती उसळी मारून आली की घरच्यांवर खेकसावे, मग स्वतःचीच लाज वाटावी, आणि अखेर नकाशा खिशात घालून एकट्यानेच दिवसच्या दिवस चालत सुटावे, असे चाले. ‘द साउथ कंट्री’ (१९०९), ‘द इकनील्ड वे’ (१९१३) ही त्याची पुस्तके अशाच भटकंतीतून निघाली. पाखराच्या आवाजावरून पाखरू आणि पानावरून झाड ओळखणारा हा माणूस स्वतःला तेवढे ओळखत नव्हता.

या दोघांची पहिली भेट ऑक्टोबर १९१३ मध्ये लंडनच्या एका उपाहारगृहात झाली. ती होती ओळख. सख्याला अजून अवकाश होता.

* * *

एप्रिल १९१४ मध्ये फ्रॉस्टने ग्लॉस्टरशायर परगण्यात, डायमॉक गावाच्या जवळपास ‘लिटल इडन्स’ नावाचे एक जुने, लहानसे घर भाड्याने घेतले. विल्फ्रिड गिब्सन आणि लॅसेल्स ॲबरक्रॉम्बी हे कवी त्याच भागात राहायला आले होते. मुलूख सफरचंदांच्या आणि नासपतींच्या बागांचा. वसंतात बांधाबांधावर डॅफोडिलची रानटी पिवळी फुले उमलत. इंग्लंडात एक चांगली रीत आहे. शेत कोणाचेही असो, त्यातून पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेली पायवाट असेल, तर तीवरून जाण्याचा हक्क सर्वांना असतो. कुंपण आडवे आले तर ते ओलांडायला लाकडी पायऱ्या केलेल्या असतात. चालणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

थॉमस त्या एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये आला. २४ जूनला फ्रॉस्टकडे येताना त्याची गाडी ॲडलस्ट्रॉप नावाच्या एका आडस्टेशनावर घडीभर थांबली. फलाटावर माणूस नव्हते. उन्हात फक्त पाखरे गात होती. टिपणवहीत नोंद झाली, एवढेच. ऑगस्टमध्ये तर तो बायकोमुलांसह आला आणि फ्रॉस्टच्या घरापासून दोन शेते ओलांडली की लागणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरी महिनाभर राहिला. मग काय विचारता! सकाळी निघावे, दुपारी परतावे, जेवून पुन्हा निघावे, आणि रात्री एकाने दुसऱ्याला पोचवायला जावे. मैलांचा हिशेब कोणी ठेवला नाही. बायका घरे सांभाळीत होत्या, मुले बागांत हुंदडत होती, आणि हे दोघे संसारी पुरुष शाळा बुडवलेल्या पोरांसारखे रानोमाळ हिंडत होते.

चालता चालता थॉमसची एक खोड फ्रॉस्टच्या ध्यानात आली. अमुक वाटेने गेलो तर तुला एक दुर्मिळ फूल दाखवीन, असे म्हणून थॉमस त्याला घेऊन जाई. आणि परत येताना हळहळत बसे की, छे, त्या दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर याहून चांगले काहीतरी पाहायला मिळाले असते. वाट कोणतीही घ्या, हळहळ ठरलेली. फ्रॉस्टला याची मोठी गंमत वाटे आणि तो त्याची थट्टा करी. थट्टा सोबत चालताना केलेली होती, म्हणून ती कधी लागली नाही.

फ्रॉस्ट त्या वेळी एका विचाराने भारला होता. बंद दारामागे दोन माणसे बोलत असली तर शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो. कोण विनवतो आहे, कोण टाळतो आहे, कोण थट्टा करतो आहे, हे शब्दांवाचूनही उमगते. कवितेचा जीव या सुरात असतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे माजघरात बसून ओसरीवरच्या बोलण्याचा रागरंग ओळखणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा सिद्धान्त निराळा समजावून सांगायला नको. मे १९१४ मध्ये निघालेला फ्रॉस्टचा ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ हा संग्रह याच विचारावर उभा होता. थॉमसने त्याच्यावर एक नव्हे, तीन परीक्षणे लिहिली, आणि या गाजावाजा न करणाऱ्या पुस्तकात केवढी क्रांती आहे, हे इंग्लंडला दाखवून दिले.

मित्राने असे ओळखले, तेव्हा मित्राची परतफेडही तशीच झाली. थॉमसने लंडनपासून सायकलवरून वसंत शोधीत केलेल्या प्रवासाचे ‘इन परसूट ऑफ स्प्रिंग’ हे पुस्तक नुकतेच निघाले होते. त्यातले काही उतारे घेऊन फ्रॉस्ट म्हणू लागला की, अरे, ही तर कविताच आहे. याच लयीत, याच बोलीत ओळी पाडून लिही म्हणजे झाले. चार भिंतींत कोणी असे म्हटले असते तर थॉमसने शंभर शंका काढल्या असत्या. परंतु महिनाभर ज्याने आपला आवाज रोज कानाजवळ ऐकला, तो आपल्या लेखातला आवाज ओळखतो आहे, हे त्याला नाकारता येईना.

* * *

याच महिन्यात, ४ ऑगस्टला, ब्रिटनने युद्ध पुकारले. दोघे मित्र कुंपणाच्या लाकडी पायऱ्यांवर बसून विचार करीत होते की, तोफांचा आवाज या कोपऱ्यापर्यंत ऐकू येईल काय? तोफा आल्या नाहीत, पण संशय आला. परक्या धाटणीने इंग्रजी बोलणारा हा फ्रॉस्ट जर्मन हेर तर नव्हे, अशी कुजबूज खेड्यात सुरू झाली. ऑगस्टअखेरीस एका संध्याकाळी फिरताना थॉमसने मावळती चंद्रकोर पाहिली आणि त्याच्या मनात आले की, हीच कोर आता फ्रान्समधले सैनिकही पाहत असतील. ज्या मातीवर आपण इतके चाललो, जिच्यावर इतकी पाने लिहिली, तिच्यासाठी आपण काय करणार आहोत? ‘धिस इंग्लंड’ या लेखात त्याने पुढे हा सल बोलून दाखवला. मातीसाठी प्राण द्यायची तयारी नसेल तर तिला आपली म्हणण्याचा हक्क कोठे उरतो, हा त्याचा प्रश्न होता.

नोव्हेंबरअखेरीस एक प्रसंग घडला. दिसायला क्षुल्लक, पण त्याचा काटा खोल गेला. दोघे एका सरदाराच्या रानातून चालले असता शिकारीची पाखरे राखणाऱ्या रखवालदाराने बंदूक दाखवून त्यांना हटकले. फ्रॉस्ट तापट. मुठी वळून तो पुढे सरसावला. थॉमस मागे राहिला. दोघे बाहेर पडले. पण फ्रॉस्टचा राग शमेना, म्हणून तो त्या रखवालदाराच्या झोपडीशी जाऊन त्याला खडसावून आला. या वेळी बंदुकीची नळी थॉमसवर रोखली गेली, आणि थॉमस पुन्हा मागे हटला. पुढे पोलीस आला, चौकशी झाली, अखेर त्या सरदाराने माफीचे पत्रही पाठवले. प्रकरण मिटले. मिटले नाही ते थॉमसच्या मनात. कोणी काही बोलले नसता त्याने स्वतःवर भित्रेपणाचा शिक्का मारून घेतला. भरलेल्या बंदुकीपुढून मागे हटणे याला व्यवहारात शहाणपण म्हणतात. पण मित्राच्या डोळ्यांसमोर हटणे ही गोष्ट वेगळी असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३ डिसेंबर १९१४ रोजी, थॉमसने पहिली कविता लिहिली. मग धरण फुटावे तसे झाले. जानेवारीत पाय मुरगळून हा अट्टल चालणारा अंथरुणाला खिळला, तर पडल्या पडल्या कविता येऊ लागल्या. ॲडलस्ट्रॉपच्या त्या निर्मनुष्य फलाटावर आज इंग्रजी वाचणारे सारे जग जाऊन उभे राहते, ती कविता याच आजारपणातली. छत्तिसाव्या वर्षी प्रथम लेखणी धरलेल्या या कवीने पुढच्या दोन वर्षांत १४० हून अधिक कविता लिहिल्या. परीक्षक म्हणून असलेल्या नावाची पुण्याई नको, म्हणून त्या त्याने ‘एडवर्ड ईस्टवे’ या टोपणनावाने संपादकांकडे धाडल्या. बहुतेक साभार परत आल्या.

* * *

फेब्रुवारी १९१५ मध्ये फ्रॉस्ट अमेरिकेला परतला. थॉमसने आपला पंधरा वर्षांचा मुलगा मर्फिन त्याच्याबरोबर पाठवला. सख्य किती मुरले होते, याला निराळा पुरावा नको. थॉमसनेही मागोमाग यावे, न्यू हॅम्पशायरमध्ये शेजारी शेजारी शेती करावी, लिहावे आणि चालावे, असा बेत होता. एकीकडे अमेरिका आणि मित्र, दुसरीकडे युद्ध आणि ती माती. ज्याला रानातल्या दोन पायवाटांतली एक निवडता येत नव्हती, त्याच्यापुढे आता आयुष्याने दोन वाटा टाकल्या.

नेमक्या याच वेळी फ्रॉस्टने त्याला एक कविता लिहून पाठवली. तीच पुढे जगभर पाठ झालेली ‘द रोड नॉट टेकन’. आपल्याकडे नववीच्या ‘बीहाइव्ह’ या इंग्रजीच्या पुस्तकात कित्येक वर्षांच्या मुलांनी ती वाचली आहे. रानात वाट दुभंगते, वाटसरू एक निवडतो, आणि पुढे कधीतरी म्हणणार असतो की त्या निवडीनेच सारे काही ठरले. कवितेत नीट पाहिले तर दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या आहेत. फ्रॉस्टच्या लेखी ती थॉमसच्या त्या जुन्या खोडीची प्रेमळ थट्टा होती. बांधावरून चालताना तो करी, तीच.

थॉमसला ती थट्टा कळली नाही. त्याने कविता गंभीरपणे घेतली. जणू ती आपल्याला जाब विचारीत आहे, अशी. फ्रॉस्टने पत्रातून खुलासा केला, तेव्हा थॉमसने कळवले की, यात गंमत आहे हे तू स्वतः दाखवल्याखेरीज, आणि कोणत्या तऱ्हेने हसायचे हे सांगितल्याखेरीज, कोणाच्या लक्षात येईल असे वाटत नाही.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. शब्द नसले तरी सुरावरून अर्थ कळतो, असे सांगणारा फ्रॉस्ट. आणि तो सिद्धान्त सर्वांत आधी ज्याच्या कानाने पारखला तो थॉमस. या दोघांतच असे व्हावे? पण विचार केला म्हणजे नवल वाटत नाही. टपालातून शब्द तेवढे आले. सूर आला नाही. अटलांटिक महासागर ओलांडून कागद आला. पण शेजारी पडणारे पाऊल, बोलता बोलता मंदावलेली चाल, तिरक्या नजरेतले हसू, यांतले काहीच त्याबरोबर आले नाही. तीच थट्टा डायमॉकच्या पायवाटेवर झाली असती, तर थॉमस हसून पुढच्या वळणाला लागला असता.

जुलै १९१५ मध्ये तो सैन्यात भरती झाला. वय सदतीस, पदरी तीन मुले; त्याच्यावर सक्ती नव्हती. कवितेनेच त्याला युद्धावर धाडले, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. रखवालदाराची बंदूक होती, चंद्रकोरीचा प्रश्न होता, लिखाणाची आटलेली मिळकत होती. इतक्या धाग्यांतून एकच ओढून काढणे न्यायाचे नाही. तू कशासाठी लढणार, असे एलिनर फार्जन या मैत्रिणीने विचारले, तेव्हा त्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांनी चुरगाळली, आणि अक्षरशः हिच्यासाठी, असे उत्तर दिले. मात्र कविता त्या नेमक्या दिवसांत हातात पडली, एवढे खरे.

सैन्यात त्याला काम मिळाले तेही कसे पाहा. एसेक्समधल्या छावणीत तो जवानांना नकाशा वाचायला शिकवू लागला. आणि एक आश्चर्य घडले. आयुष्यभर छळणारी ती उदासी पुष्कळशी ओसरली. पुढे तो तोफखान्यात अधिकारी झाला, आघाडीवर जाण्यासाठी आपण होऊन पुढे आला, आणि जानेवारी १९१७ अखेर फ्रान्सला पोचला. ९ एप्रिल १९१७, ईस्टरचा सोमवार, आरासच्या लढाईचा पहिला दिवस. टेहळणीच्या नाक्यावर असताना शत्रूच्या तोफेच्या माऱ्यात तो ठार झाला. एकोणचाळीस वर्षांचा होता. ॲनीच्या लष्करी स्मशानभूमीत त्याला पुरले आहे. त्याचा ‘पोएम्स’ हा संग्रह त्याच वर्षी, मृत्यूनंतर, निघाला. तो त्याने रॉबर्ट फ्रॉस्टला अर्पण केला होता.

* * *

फ्रॉस्टने त्यानंतर ४५ वर्षांहून अधिक आयुष्य काढले. चार वेळा पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९६१ साली केनेडींच्या शपथविधीत त्याने कविता म्हटली, १९६३ साली तो वारला. मित्र त्याला पुष्कळ मिळाले असतील; परंतु मला लाभलेला भाऊ तो एकच, असे त्याने थॉमसविषयी लिहून ठेवले आहे. एका रात्री माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून उतरताना दोघांनी चांदण्यातले इंद्रधनुष्य पाहिले होते. वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९३६ सालच्या संग्रहात, ते त्याच्या कवितेत उतरले. त्या कवितेत धनुष्याची दोन टोके जमिनीवरून उचलली जातात आणि दोघा मित्रांभोवती कडे होऊन जुळतात.

तो उरलेला प्रश्न आता विचारू. फ्रॉस्टने थॉमसला ओळखले होते की नव्हते? त्याच्यातला कवी ओळखला, तो बायकोने, प्रकाशकांनी, खुद्द थॉमसनेही ओळखला नव्हता. त्याची खोड ओळखली. पण त्या खोडीखाली किती खोल जखम होती, एका बंदुकीच्या नळीने तिचे काय झाले होते, याचा अंदाज त्याला पुरता आला होता का? मला वाटते, तोही आला असता. त्यासाठी आणखी थोडे चालायला हवे होते. पाणिनीने सात पावलांनी सख्य जुळते असे मानले. सात पावलांत ते पुरे होते, असे काही तो म्हणाला नाही.

दिवाळीच्या या चार दिवसांत वर्षभर न भेटलेली माणसे घरोघर जमली असतील. फराळाची ताटे पुढे असतील, गप्पांना रंग चढला असेल, आणि त्या गलक्यात एखादा जुना सोबती कोपऱ्यात जरा अबोल बसला असेल. पत्रातून, टेलिफोनवरून त्याची खुशाली आपल्याला वेळोवेळी कळलेली असते. तरीही चार वाजता, ऊन कलल्यावर, त्याला म्हणावे, “चल रे, जरा नदीपर्यंत जाऊन येऊ.” विचारायचे काही नाही. वाट लांबची निवडावी, आणि तो सांगू लागला तर परतायची घाई करू नये.

१९५७ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांनी फ्रॉस्टला सन्मानाच्या पदव्या दिल्या. त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा त्यासाठी अमेरिकेहून आला. समारंभ आटोपले, आणि मग तो डायमॉककडे ‘लिटल इडन्स’ पाहायला गेला. घर जागेवर होते, समोरची शेतेही होती. त्या शेतांतून त्याच्याबरोबर चालणारा तेवढा चाळीस वर्षांपूर्वीच फ्रान्सच्या मातीत विसावला होता.